ग्राफीनमधील क्वांटम हॉल अवस्थेचा भंग: ९ टेस्ला चुंबकावरील कामाच्या नोंदी (नोव्हेंबर २०२३ ते एप्रिल २०२४)

ग्राफीनमध्ये, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड पापुद्र्यात, मुळात ऊर्जेची फट नसते. ती फट चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. क्षेत्र लावले की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा लँडाऊ पातळ्यांत विभागल्या जातात आणि ९ टेस्लाला शून्याची पातळी व पहिली पातळी यांच्यात सुमारे १०९ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर पडते. इलेक्ट्रॉनांची घनता अशी जुळवली की खालची पातळी पूर्ण भरावी आणि वरची रिकामी राहावी, म्हणजे फिलिंग फॅक्टर २ यावा, की लांबीच्या दिशेचा रोध नाहीसा होतो आणि हॉल रोध, म्हणजे आडव्या दिशेच्या व्होल्टेजला प्रवाहाने भागून येणारा रोध, १२,९०६ ओहमवर येऊन थांबतो. ही क्वांटम हॉल अवस्था, आणि आलेखातला तिचा सपाट भाग म्हणजे पायरी. प्रवाह वाढवत नेला तर मात्र एका मर्यादेला ही अवस्था मोडते, कारण आडव्या विद्युत क्षेत्राच्या जोरावर इलेक्ट्रॉन फट ओलांडून वरच्या पातळीत टनेलिंग करू लागतात (पुरेशी ऊर्जा नसतानाही पलीकडे जातात) किंवा आपसांत तापून तिथे पोहोचतात. ही मर्यादा मोजणे एवढेच आमचे काम होते. रोधाचे प्रमाण याच पायरीवर ठरवले जाते आणि मोजमापाला जितका जास्त प्रवाह वापरता येईल तितकी अचूकता वाढते, म्हणून हा आकडा कामाचा आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विभोर सिंग आणि मंदार देशमुख यांनी २००९ मध्ये एकपदरी ग्राफीनमध्ये हाच भंग मोजला होता. त्यांनी वापरलेली प्रवाहघनता दर मीटर रुंदीला १ अँपिअरच्या आसपास होती. तेव्हाचे ग्राफीन थेट सिलिकॉन डायऑक्साइडवर असे. आम्हाला तेच मोजमाप षट्कोनी बोरॉन नायट्राइड या विद्युतरोधक स्फटिकाच्या दोन थरांमध्ये ठेवलेल्या ग्राफीनवर करायचे होते. ज्यांच्याकडे असेच साधारण क्षमतेचे चुंबक आहे आणि जे हे काम प्रथमच करणार आहेत, त्यांचे काही आठवडे वाचावेत म्हणून या नोंदी लिहिल्या आहेत.

६ नोव्हेंबर २०२३

पापुद्रे काढण्यास सुरुवात केली. नैसर्गिक ग्रॅफाइटचा लहान तुकडा चिकटपट्टीवर ठेवून पट्टी सहा-सात वेळा दुमडून उलगडली आणि २९० नॅनोमीटर ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनच्या चिपांवर दाबली. पहिल्या बारा चिपांवर ५ मायक्रोमीटरपेक्षा मोठा एकपदरी तुकडा एकही मिळाला नाही. दुसऱ्या खेपेस पट्टी चिकटलेली असतानाच चिप १०० अंश सेल्सिअसवर दोन मिनिटे तापवली, ती पूर्ण निवू दिली आणि मग पट्टी अगदी सावकाश सोलली. त्यानंतर २० मायक्रोमीटर लांबीचे पापुद्रे मिळू लागले. घाईने सोलल्यास ते मधोमध फाटतात.

सूक्ष्मदर्शकाखाली एकपदरी ग्राफीन म्हणजे जांभळट पार्श्वभूमीवर पडलेली जेमतेम एक सावली असते आणि ती ओळखण्यास डोळा तयार व्हावा लागतो. खात्रीसाठी प्रत्येक पापुद्र्याचा रामन वर्णपट (लेसर पाडून विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट) घेतला आणि २६८० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचे शिखर एकसंध व अरुंद असेल तरच तो ठेवला. तीन दिवस, चाळीस चिपा, कामाचे पापुद्रे चार.

९ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पहिली चळत पूर्ण करावी या घाईत एक चांगला पापुद्रा वाया गेला. पीडीएमएसच्या रबरी गादीवर पॉलिकार्बोनेटचा पातळ पडदा ताणून त्याने आधी वरचे नायट्राइड उचलले, त्याने ग्राफीन उचलले आणि शेवटी दोन्ही मिळून खालच्या नायट्राइडवर ठेवले. उचलणे व्यवस्थित झाले. खाली ठेवताना मात्र पडद्याची कड मी दोन मिनिटांत पुढे सरकवली, त्यामुळे थरांमध्ये अडकलेली हवा आणि हायड्रोकार्बनचा मळ यांना बाहेर पडायला वाव मिळाला नाही आणि नेमक्या मधल्या पट्ट्यावर बुडबुड्यांची रांग तयार झाली. बुडबुड्यावर ग्राफीन ताणले जाते आणि तिथली घनता वेगळी होते. अशा नमुन्यावर भंग मोजला तर तो बुडबुड्याचा भंग असतो. नमुना १ बाद.

२४ नोव्हेंबर

सुट्टीनंतर दुसरी चळत केली. या वेळी कड पुढे सरकवण्यास पंचवीस मिनिटे घेतली आणि शेवटच्या टप्प्यात चौथरा १८० अंशांपर्यंत तापवला. तापमान वाढते तसा पॉलिकार्बोनेट मऊ होतो आणि बुडबुडे कडेकडे ढकलले जातात, हे पडद्यावर प्रत्यक्ष दिसते. क्लोरोफॉर्ममध्ये पडदा विरघळवल्यानंतर मधला १२ मायक्रोमीटरचा भाग पूर्ण स्वच्छ निघाला. क्लोरोफॉर्मचे काम वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याखालीच करावे, कितीही थोडे असले तरी.

४ डिसेंबर

इलेक्ट्रॉन-शलाका लिथोग्राफी करून हॉल-बारचा, म्हणजे मधला पट्टा आणि त्याला जोडलेले काँटॅक्ट (धातूच्या जोडण्या) असा, आकार कोरला. काँटॅक्ट कडेने जोडायचे, म्हणजे नायट्राइड-ग्राफीन-नायट्राइड अशी चळत तिरकी कोरून ग्राफीनची उघडी पडलेली एक अणूची कड क्रोमियम आणि सोन्याला भिडवायची, ही २०१३ साली प्रसिद्ध झालेली आणि आता सर्वत्र रूढ झालेली पद्धत आम्ही वापरली. कोरणे संध्याकाळी संपले, बाष्पीभवन-यंत्र दुसऱ्या गटाकडे होते, म्हणून धातू चढवण्याचे काम दुसऱ्या दिवसावर टाकले. ही चूक होती. रात्रभर हवेत राहिलेल्या कडांचे काँटॅक्ट ८ ते १५ किलोओहमचे निघाले. तिसऱ्या नमुन्यापासून कोरल्यानंतर तासाभरात धातू चढवण्याचा नियम पाळला आणि बहुतेक काँटॅक्ट ५०० ओहमच्या खाली आले. यंत्राची पाळी दोन दिवस उशिरा मिळाली तरी चालते, पण कोरणे आणि धातू यांच्यामध्ये रात्र येऊ देऊ नये.

११ डिसेंबर

वायर बाँडिंग करताना, म्हणजे नमुन्याला बारीक तारा जोडताना, नमुना २ चा ऑक्साइड फुटला. अल्युमिनियमची तार सोन्याच्या पॅडवर दाबताना बाँडरची सुई इतक्या जोराने आपटली की पॅडखालच्या ऑक्साइडला सूक्ष्म तडा गेला आणि गेटचा (ज्यावर व्होल्टेज देऊन ग्राफीनमधील घनता बदलतात त्याचा) सिलिकॉन थेट ग्राफीनशी जोडला गेला. सूक्ष्मदर्शकात काहीही दिसत नाही, फक्त गेटवर ३ व्होल्ट देताच ४० मायक्रोअँपिअर गळती येते. हे त्याच क्षणी लक्षात आले ते प्रत्येक तारेनंतर गळती तपासली म्हणून. सगळ्या तारा जोडून झाल्यावर तपासले असते तर दोष कोणत्या पॅडचा हे कळलेच नसते. ज्या पॅडखाली तडा गेला होता त्याची रेघ कापून टाकली आणि उरलेल्या सात काँटॅक्टवर काम पुढे नेले.

२० डिसेंबर

नमुना २ क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे थंड करण्याच्या पात्रात, बसवताना मेला. पुण्याकडच्या हिवाळ्यात हवा कोरडी होते, अंगावर स्वेटर असतो आणि लाकडी स्टुलावरून उठताना शरीरावर काही हजार व्होल्ट सहज साठतात. मनगटाचा पट्टा मी घातला होता, पण त्याची तार ज्या पट्टीला जोडली होती ती पट्टीच जमिनीला जोडलेली नव्हती. नमुना बाहेर काढून पाहिला तेव्हा ग्राफीनचा मधला पट्टा नाहीसा झालेला होता आणि एका काँटॅक्टचे सोने वितळून त्याचे बारीक गोळे झाले होते, तव्यावर उडालेल्या तेलाच्या थेंबांसारखे एका रेषेत पसरलेले.

या अपघाताला आणि ज्याचे मोजमाप करायचे आहे त्या भंगाला, दोन्हींना आपण ‘ब्रेकडाऊन’ म्हणतो, पण त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. इथे पदार्थ जळतो. क्वांटम हॉल अवस्थेचा भंग ही पूर्णपणे उलटवता येणारी घटना आहे; प्रवाह कमी केला की पायरी जशीच्या तशी परत येते. नवीन विद्यार्थ्याला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे, कारण नाहीतर तो भीतीपोटी प्रवाह मर्यादेपर्यंत नेतच नाही.

उपाय असे केले: जमिनीची जोडणी मल्टिमीटरने रोज सकाळी तपासायची, नमुन्याच्या सर्व पिना आधी एकमेकींना आणि जमिनीला जोडलेल्या राहतील अशी स्विचची पेटी मध्ये घालायची, आणि कोणतीही केबल जोडताना-काढताना सगळे स्विच ‘जमीन’ स्थितीत ठेवायचे. पेटी कार्यशाळेतल्या काकांनी चार दिवसांत बनवून दिली, सुट्या भागांचा खर्च अठ्ठावीसशे रुपये. ती पहिल्या दिवशी असती तर सहा आठवडे वाचले असते.

१६ जानेवारी २०२४

नमुना ३ तयार. ऑक्साइड फुटण्याचा त्रास टाळावा आणि सिलिकॉन डायऑक्साइडमधील अडकलेल्या प्रभारांपासून ग्राफीन झाकले जावे, या दोन हेतूंनी या खेपेस चळतीखाली ग्रॅफाइटचा पापुद्रा ठेवून त्याचाच गेट केला. मधले नायट्राइड २५ नॅनोमीटरचे आहे. हा निर्णय त्या वेळी अतिशय योग्य वाटला. पुढे तोच आड आला. ते १२ फेब्रुवारीच्या नोंदीत येईल.

थंड करून १.६ केल्विनला नेले. चुंबक मिनिटाला ०.२ टेस्ला या वेगाने चढवले, त्यामुळे ९ टेस्लाला पोहोचण्यास पाऊण तास लागला. वेग वाढवला तर हेलियम भराभर उडते आणि वेळेची बचत पैशांत फेडावी लागते. १० मेगओहमच्या मालिका रोधातून १ व्होल्ट देऊन १०० नॅनोअँपिअरचा, १७ हर्ट्झचा प्रवाह सोडला आणि गेट फिरवला. हॉल रोधाच्या आलेखात १२,९०६ ची लांबलचक सपाट पायरी आणि तिच्या पलीकडे ४,३०२ ची दुसरी पायरी उमटली. पहिल्या पायरीवर लांबीच्या दिशेचे व्होल्टेज उपकरणाच्या गोंगाटात बुडालेले होते. अडीच महिन्यांनी प्रथमच योग्य गोष्ट समोर दिसत होती आणि त्या रात्री मी दीड वाजेपर्यंत तिथून हलले नाही.

२३ जानेवारी

पहिला ‘भंग’ मोजला, आणि तो खोटा होता. स्थिर प्रवाह वाढवत नेला तेव्हा ३ मायक्रोअँपिअरलाच लांबीच्या दिशेचे व्होल्टेज उसळले. पट्टा ३ मायक्रोमीटर रुंद असल्याने हा आकडा मीटरला बरोबर १ अँपिअर होतो, म्हणजे २००९ च्या मोजमापाशी तंतोतंत जुळणारा, आणि म्हणूनच तो मला खरा वाटला. सरांना आलेख दाखवला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “काँटॅक्ट पायरीवर तपासलेस का?” तपासले नव्हते.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. पायरीवर असताना ज्या काँटॅक्टमधून प्रवाह जातो त्याचे आणि त्याच कडेवरच्या पुढच्या काँटॅक्टचे विभवांतर मोजायचे, आणि ही ‘पुढची’ बाजू क्षेत्राची दिशा पाहून ठरवायची. पायरीवर त्या कडेवर विभव घसरत नाही, त्यामुळे जे व्होल्टेज मिळते ते केवळ काँटॅक्टचे आणि तारेचे असते. सहा काँटॅक्ट ३०० ते ५०० ओहमचे निघाले. ज्यातून मी प्रवाह सोडत होते तो ६,२०० ओहमचा होता. अशा काँटॅक्टजवळ इलेक्ट्रॉन पायरीच्या अवस्थेत नीट शिरतच नाहीत, तिथेच तापतात आणि तापलेले इलेक्ट्रॉन पुढच्या काँटॅक्टपर्यंत वाहत जाऊन आपल्याला भंग झाल्याचा भास करून देतात. प्रवाहाची जोडणी चांगल्या काँटॅक्टवर हलवताच मर्यादा ३ वरून थेट ७ मायक्रोअँपिअरच्या पुढे गेली.

अपेक्षित आकडा मिळाला की तपासणी थांबते, हा या आठवड्यातला माझा खरा दोष होता.

१ फेब्रुवारी

हेलियम संपले. पुरवठ्याला नऊ दिवस लागले. उडालेला वायू परत गोळा करण्याची सोय आमच्याकडे नसल्याने थंड करण्याच्या प्रत्येक खेपेस साधारण ७० लिटर लागते आणि आम्हाला ते लिटरमागे सुमारे दोन हजार रुपयांना पडते. थंड करण्याआधी त्या खेपेत करायच्या मोजमापांची क्रमवार यादी भिंतीवर लावणे, ही सवय याच काळात लागली.

१२ फेब्रुवारी

दुसरा खोटा भंग. चांगल्या काँटॅक्टवरही प्रवाह एका दिशेने सोडला तर मर्यादा ४.५ मायक्रोअँपिअर आणि उलट दिशेने सोडला तर ९ येत होती. नमुना तोच, क्षेत्र तेच, मग दुपटीचा फरक कुठून येतो?

तीन दिवस तारा, उपकरणे आणि जमिनीची जोडणी तपासण्यात गेले. कारण शेवटी कागदावर सापडले. १० मायक्रोअँपिअर प्रवाहाला पट्ट्याच्या दोन कडांमध्ये १२९ मिलिव्होल्टचे हॉल व्होल्टेज असते. २५ नॅनोमीटर नायट्राइडमधून ग्रॅफाइटचा गेट इतका जवळ आहे की एका व्होल्टला दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ७५,००० कोटी इलेक्ट्रॉन वाढतात, आणि ९ टेस्लाला फिलिंग फॅक्टर २ साठी लागणारी घनता केवळ ४३,५०० कोटी आहे. म्हणजे गेटवर फक्त ०.५८ व्होल्ट लावलेले असताना नमुन्याची एक कड दुसरीपेक्षा १२९ मिलिव्होल्टने वर असते, आणि दोन कडांच्या घनतेत बावीस टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय एक टोक जमिनीला जोडलेले असल्याने पट्ट्याचे सरासरी विभवही प्रवाहाबरोबर सरकते, ते एका दिशेला घनता कमी करते आणि दुसऱ्या दिशेला वाढवते. मी ज्याला भंग समजत होते तो बहुतांशी नमुना पायरीवरून घसरण्याचा प्रकार होता.

यावर दोन उपाय केले. पहिला लगेच करता आला: दोन प्रवाहस्रोत वापरून एका टोकाला अधिक आणि दुसऱ्या टोकाला तितकेच उणे व्होल्टेज राहील अशी जोडणी केली, त्यामुळे पट्ट्याचे सरासरी विभव शून्यावर राहिले आणि दोन दिशांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. कडाकडांतला उतार मात्र तसाच राहतो. म्हणून दुसरा उपाय, म्हणजे जाड ऑक्साइडवरचा सिलिकॉनचा गेट पुन्हा वापरायचा, हा स्वीकारावा लागला. त्याची पकड एका व्होल्टला सुमारे ६,६०० कोटी, म्हणजे अकरा पटींनी सैल. तिथे हाच परिणाम दोन-अडीच टक्क्यांवर येतो. ग्रॅफाइटचा गेट कमी प्रवाहाच्या नाजूक मोजमापांसाठी उत्तम आहे, पण भंगाच्या मोजमापासाठी तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

२६ फेब्रुवारी

नमुना ४. सिलिकॉनचा गेट, ३ मायक्रोमीटर रुंद पट्टा, व्होल्टेजच्या दोन काँटॅक्टमधील अंतर ६ मायक्रोमीटर. बाँडरची शक्ती आणि दाब टाकाऊ चिपेवर वीस तारा जोडून आधी ठरवले. ±३० व्होल्टपर्यंत गळती १ नॅनोअँपिअरच्या खाली आहे. प्रवाहाचे दोन्ही काँटॅक्ट पायरीवर ४०० ओहमच्या आत आहेत.

९ टेस्ला, १.६ केल्विन. केवळ लॉक-इनवर (ठरावीक वारंवारतेचा संकेत मोजणाऱ्या उपकरणावर) अवलंबून राहू नये, कारण तो बदलाचा दर दाखवतो आणि भंगाच्या आधीची हळूहळू होणारी वाढ त्यात सहज निसटते. म्हणून लांबीच्या दिशेचे स्थिर व्होल्टेज नॅनोव्होल्टमीटरने मोजले आणि तारांमधील तापजन्य व्होल्टेज वजा व्हावे यासाठी प्रत्येक बिंदूवर प्रवाहाची दिशा उलटवून सरासरी घेतली. ५ मायक्रोव्होल्टच्या पुढे गेले की भंग, अशी व्याख्या आधीच लिहून ठेवली. व्याख्या आधी न ठरवल्यास आलेख पाहून ती सोयीने सरकते.

प्रवाह ०.१ मायक्रोअँपिअरच्या पायऱ्यांनी वाढवला. ११ पर्यंत काही नाही, आकडा गोंगाटातच डोलत होता. ११.५ च्या पुढे एखाद-दुसरा मायक्रोव्होल्ट दिसू लागला. १२.० वर थांबून वाट पाहिली. चार मिनिटे काहीही घडले नाही आणि मग मध्येच आकडा मिलिव्होल्टच्या घरात उडाला, काही सेकंद तिथे राहिला आणि पुन्हा खाली आला. १२.४ वर तो उडाला तो परत आलाच नाही. तिथून प्रवाह कमी करत आणला तर अवस्था १२.४ ला नव्हे, ११.३ ला सावरली, आणि सावरताच हॉल रोध पुन्हा १२,९०६.

जाताना आणि येताना मर्यादा वेगळी असणे हे इलेक्ट्रॉन तापण्याचे लक्षण आहे: एकदा तापलेले इलेक्ट्रॉन आपल्याच रोधाने उष्णता निर्माण करतात आणि ती बाहेर पडेपर्यंत तापलेलेच राहतात. ११.५ पासूनची हळूवार वाढ मात्र तापण्याच्या अगोदरची आहे, आणि ती पातळ्यांमधील टनेलिंगची असावी असे वाटते. माझ्या समजुतीप्रमाणे टनेलिंग ठिणगी टाकते आणि तापणे वणवा पसरवते. दोहोंपैकी एकच निवडावे असे या आलेखात काही नाही.

२८ फेब्रुवारी

क्षेत्राची दिशा उलटी करून तेच मोजमाप. मर्यादा १२.४ ऐवजी ११.६. दिशा उलटली की हॉल व्होल्टेज जिथे एकवटते ते प्रवाह-काँटॅक्टचे कोपरे बदलतात, तेव्हा हा सात टक्क्यांचा फरक कोपऱ्यांचा वाटा दाखवतो. फरक याहून पुष्कळ मोठा असता तर पुन्हा काँटॅक्टवर संशय घ्यावा लागला असता.

६ मार्च

प्रत्येक क्षेत्राला गेट पुन्हा जुळवून फिलिंग फॅक्टर २ वर मर्यादा मोजली. ४ टेस्लाला ४.३ मायक्रोअँपिअर, ५ ला ५.८, ६ ला ७.४, ७ ला ९.०, ८ ला १०.७ आणि ९ ला १२.४. प्रत्येक वेळी गेट पायरीच्या मध्यावर आहे असे गृहीत न धरता आजूबाजूचे नऊ-दहा बिंदू घेऊन त्यांतली सर्वांत मोठी मर्यादा नोंदवली. यामुळे काम पाचपट वाढले, पण पहिल्या प्रयत्नात ७ टेस्लाचा बिंदू रेषेखाली पडला होता तो याच दुर्लक्षामुळे.

या बिंदूंतून क्षेत्राचा घातांक १.३ निघतो, म्हणजे मर्यादा क्षेत्राच्या १.३ व्या घाताप्रमाणे वाढते. ग्राफीनमधील निव्वळ टनेलिंगच्या सोप्या हिशोबाने तो १ यायला हवा, कारण फट क्षेत्राच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते आणि इलेक्ट्रॉनाच्या तरंगाची रुंदी वर्गमुळाप्रमाणेच घटते. सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या ग्राफीनवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात घातांक दीड आला होता, आणि तिथे २ केल्विनला मर्यादा गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या जवळजवळ शंभरपट मिळाली होती. आमचा आकडा दोहोंच्या मध्ये आहे. ४ ते ९ टेस्ला एवढ्याशा पट्ट्यात १.३ ला १ किंवा १.५ पासून ठामपणे वेगळे काढता येत नाही, म्हणून मी कोणत्याही बाजूला कौल देणार नाही.

१५ मार्च

तापमान वाढवून पाहिले. ९ टेस्लाला ४.२ केल्विनवर ११.४, १० केल्विनवर ६.९ आणि १५ केल्विनवर आमच्या व्याख्येनुसार मर्यादा उरतच नाही, म्हणजे अगदी लहान प्रवाहालाही ५ मायक्रोव्होल्ट ओलांडले जातात.

संध्याकाळी फळ्यावर विद्युत क्षेत्राचा हिशोब मांडला आणि तो मला अजून अस्वस्थ करतो. १२.४ मायक्रोअँपिअरला हॉल व्होल्टेज १६० मिलिव्होल्ट. ३ मायक्रोमीटरवर विभागले तर मीटरला सुमारे ५३ हजार व्होल्ट. ९ टेस्लाला तरंगाची रुंदी साडेआठ नॅनोमीटर असते. एवढ्या अंतरात १०९ मिलिव्होल्टचा उतार मिळाला तर इलेक्ट्रॉन सरळ वरच्या पातळीत जाऊ शकेल, आणि त्यासाठी मीटरला सव्वा कोटी व्होल्ट लागतात. मोजलेला आकडा त्याच्या २४० पट लहान आहे. क्षेत्र पट्ट्यावर सारखे पसरलेले नसते, ते कडांजवळ आणि काँटॅक्टच्या कोपऱ्यांत दाटते. प्रभारांची डबकी आणि अशुद्धी टनेलिंगला मधली पायरी पुरवतात. आणि एकदा थोडे इलेक्ट्रॉन गेले की तापणे बाकीचे काम करते. ही तिन्ही कारणे ठाऊक आहेत, पण २४० मधला कोणाचा वाटा किती, हे सांगेल असे एकही मोजमाप या खेपेत माझ्या हाती नाही.

याच संदर्भात चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेतील विनू लुकोस, आर. शंकर आणि जी. बास्करन यांचे २००७ चे भाकीत मनात होते. आडवे विद्युत क्षेत्र वाढले की ग्राफीनमधील लँडाऊ पातळ्या एकमेकींजवळ येतात, आणि ते क्षेत्र इलेक्ट्रॉनांचा वेग गुणिले चुंबकीय क्षेत्र एवढे झाले की पूर्णपणे कोसळतात. ९ टेस्लाला ही मर्यादा मीटरला ९० लाख व्होल्ट आहे. आमच्या पट्ट्यावर त्यासाठी २७ व्होल्टचे हॉल व्होल्टेज, म्हणजे २ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागेल, आणि त्याच्या कितीतरी आधी भंग झालेला असतो. हॉल-बारमध्ये प्रवाह वाढवून तिथे पोहोचण्याचा प्रयत्न कोणी करू नये. चुंबक कमी क्षेत्रावर ठेवून व्होल्टेज बाहेरून लावणे हा वेगळा मार्ग आहे आणि त्याला वेगळ्या आकाराचा नमुना हवा.

२८ मार्च

होळीनंतर हिशोब केला. तीन खेपा आणि मधली भर धरून ३३० लिटर हेलियम, म्हणजे साधारण ६ लाख ६० हजार रुपये. बाकी सगळा खर्च मिळून त्याच्या दशांशही नाही. वेळ २० आठवडे. त्यांतले ज्यांतून या नोंदींचे आकडे निघाले ते केवळ तीन.

१२ एप्रिल

नमुना ४ खोलीच्या तापमानाला आणून सोळा दिवस निर्वात कपाटात ठेवला होता, तो दुसऱ्या गटाच्या खेपेत जागा मिळाली म्हणून पुन्हा थंड केला. काँटॅक्ट तसेच, गळती तशीच, पायरी १२,९०६ वर तशीच. मर्यादा मात्र ९ टेस्लाला १२.४ ऐवजी ११.१ आली, आणि घनता शून्य होण्याचा गेटचा बिंदू −०.८ वरून −१.५ व्होल्टवर सरकला होता. गरम-थंड होताना अडकलेल्या प्रभारांची मांडणी बदलते, आणि भंग कुठे सुरू होणार हे त्या मांडणीवर ठरते. त्यामुळे वरचे ४ ते ९ टेस्लाचे सहा बिंदू एकाच खेपेतले आहेत हे महत्त्वाचे; दोन खेपांचे बिंदू एका आलेखावर मांडले असते तर घातांक काहीही निघाला असता. आजच्या खेपेत ४, ६ आणि ९ टेस्लाचे तीनच बिंदू घेता आले आणि मग चुंबक त्या गटाकडे सोपवले.